नळीतून शेवटचं कधी पाहिलं?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पोहोचले तेव्हा ओट्यावरचा पत्त्यांचा डाव उधळलेला होता. आमच्या खान्देशात आखाजीला पत्ते कुटणं हा जवळजवळ कुळाचार. पितरांची घागर भरायची, आमरस-मांडे हाणायचे आणि ओट्यावर जे बसायचं ते दिवेलागणीलाच उठायचं. त्या दिवशी दुपारी दोनलाच पत्ते जमिनीवर पसरलेले, आणि नानाकाका तापलेल्या फरशीवरून अनवाणी आपल्या घराकडे निघालेले. चपला आमच्या दारात राहिल्या होत्या. माय चुलीपासून न हलता एवढंच म्हणाली, "बंदूक."

बंदूक म्हणजे जिभाऊंची, माझ्या आजोबांची, रायफल. .३१५ बोअरची, इशापूरच्या कारखान्यात बनलेली, बोल्ट मागे ओढून काडतूस चढवायची. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. जिभाऊंच्या तरुणपणी डोंगरात शिकारीला जाणं हा मानाचा शौक होता, आणि त्यांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि जिभाऊंनी शिकार सोडली. सोडली म्हणजे सोडावी लागली. रायफल मात्र पीकसंरक्षणासाठी म्हणून परवान्यावर राहिली. जिभाऊ गेल्यावर नानाकाका आणि आत्या यांनी 'आमची हरकत नाही' असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं आणि परवाना आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या नावावर झाला. कागदावर हरकत नव्हती. मनात ती तीस वर्षं होती. नानांच्या लेखी रायफल आजही अर्धी त्यांची.

झालं होतं ते असं. फेब्रुवारीत एका रात्री मक्यात रानडुकरं शिरली. आप्पांनी त्यांना पिटाळायला एक बार काढला. आवाज दबका आला आणि खांद्याला नेहमीपेक्षा मोठा धक्का बसला. सकाळी पाहतात तो नळीच्या तोंडापासून चार बोटांवर एक कडं उठलेलं. अंगठी घातल्यासारखं, बोट फिरवलं की लागणारं. शिवाय लाकडी कुंद्याला, जिथं हाताची पकड येते त्या मानेत, वीतभर चीर. तेव्हापासून आखाजीपर्यंत घरात धुसफूस चालली होती, आणि पत्त्यांच्या डावात कोणीतरी नानांच्या मुलाचं नाव घेतलं.

माझा हा चुलतभाऊ सगळ्यांत धाकटा, चोविशीतला. जानेवारीत कुणा मित्राच्या हळदीला त्यानं माडीवरून रायफल खाली आणली आणि हातात धरून फोटो काढला, हे गावभर माहीत होतं. दादा, माझा भाऊ, म्हणे, "त्यानंच आपटली, त्यानंच नळीत काहीतरी घातलं." नाना म्हणत, "मना पोर्‍यानी काहीच करं नही! दसऱ्याला साफ कोणी केली? दादानं. चिंधी नळीत राहिली असंल त्याच्याकडून." आप्पा म्हणत होते की निवडणुकीत पोलिसांकडे जमा होती तिथंच काहीतरी झालं. आणि पोरगं म्हणत होतं, मी हात लावलाच नाही. ज्याचा फोटो अर्ध्या गावाच्या मोबाइलमध्ये, तो हात लावला नाही म्हणतो! मग त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

संध्याकाळी आप्पा म्हणाले, "तू बघ." मी भुसावळला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये तंत्रज्ञ आहे, लोखंडातलं मला कळतं, हे एक कारण. खरं कारण दुसरं होतं. बारा वर्षांपूर्वी मी शेतीच्या वाट्याचं हक्कसोडपत्र लिहून दिलंय. जिला काहीच मिळायचं नाही, तिच्यावर दोन्ही घरांचा भरवसा! हसू आलं, पण हो म्हणाले.

शेडमध्ये आमचा एक साधा नियम आहे. निकामी झालेला भाग आला की तो आधी पुसायचा नाही. बेअरिंग जळालं तर त्याच्या ग्रीसचा रंग, त्यात अडकलेला कण, ओरखड्याची दिशा, हीच साक्ष असते. पुसलं की साक्षीदार गेला. आणि दुसरा, कुणी न लिहिलेला नियम असा की पहिल्या दिवशी 'कोणी केलं' विचारायचं नाही. ते विचारलं की सगळे वकील होतात. 'शेवटचं नीट कधी पाहिलं' एवढंच विचारायचं.

आमच्या घरात पहिला नियम केव्हाच मोडला होता. दादानं दुसऱ्याच दिवशी नळीतून तेलाची चिंधी ओढून लख्ख केली होती, का तर गंज चढू नये. त्याचा हेतू चांगला, पण नळीत जे काही उरलं असेल ते त्या चिंधीबरोबर उकिरड्यावर गेलं. म्हणून मी पुतण्याची जुनी वही घेतली, मागच्या पानावर तारखा टाकल्या आणि दुसऱ्या नियमानं सुरुवात केली. एकेकाला वेगळं गाठून.

पहिली पक्की तारीख दसऱ्याची निघाली, १२ ऑक्टोबर २०२४. शस्त्रपूजेआधी दादानं नळी साफ केली, आणि मग आमच्या घरची रीत म्हणून बोल्ट काढून एकेकानं उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं. जिभाऊंपासूनचा हा रिवाज. लहानपणी आम्हाला तो खेळ वाटायचा. नळीच्या आतले पीळ गोल फिरत लांब जातात आणि टोकाला चवलीएवढं आभाळ दिसतं. त्या दिवशी आप्पांनी पाहिलं, नानांनी पाहिलं, पोरांनी पाहिलं. आभाळ दिसलं. मी नानांना विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत ना?" म्हणाले, "पाहिलं तर!" मग दादाची चिंधी आत राहिली कुठं? नाना गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मग पोलिसांकडं."

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. दरवेळी लागते तशी शस्त्र जमा करायची नोटीस आली, आप्पा जाऊन रायफल देऊन आले. पोलीस ठाण्याची पावती त्यांनी परवान्याच्या पुस्तिकेत नीट घडी घालून ठेवली होती. तिच्यावर 'रायफल एक, सुस्थितीत'. २० नोव्हेंबरला मतदान झालं, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रायफल परत आली. परत घेतानाच्या रजिस्टरवर आप्पांची सही आहे. मी विचारलं, "घेताना नळीतून पाहिलं होतं?" म्हणाले, "गर्दी होती." म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा पल्ला कोरा. पोलिसांवर ढकलायचं तर ढकलता आलं असतं, पण सुस्थितीत मिळाली म्हणून आपणच सही केली आहे. त्या सहीसमोर आपलं म्हणणं कोण ऐकणार?

मग चुलतभाऊ. तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता. दोन दिवस केळीत लपून बसल्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मला चोपड्याला सोडायला आला, आणि हेल्मेटच्या आतून, माझ्याकडे न बघता बोलला, म्हणून बोलता आलं असेल. रायफल त्यानंच खाली आणली होती. फोटो झाल्यावर मांडीवरून घसरली, कुंदा दगडी पायरीवर आपटला. चीर तेव्हाच पडली. "मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "ताई, चीर मी सांगितली असती तर नळीबी माझ्याच नावावर फाडली असती. आपटली म्हणून फुगली, असंच म्हणले असते सगळे."

इथं मला या भांडणाची खरी गाठ सापडली. बिघाड दोन होते आणि घरात सगळे एकच धरून चालले होते. लाकडाची चीर आपटण्यानं पडते. पण नळी आपटून फुगत नाही. पडून ती वाकेल, तिला पोचा येईल. चहूबाजूंनी सारखं कडं आतून रेटल्याशिवाय उठत नाही. आत काहीतरी अडकलं होतं आणि त्यावर गोळी आदळली होती. पोरानं लहान गुन्हा लपवला तो मोठा अंगावर येऊ नये म्हणून, आणि लपवला म्हणूनच मोठा त्याच्या अंगावर आला.

(परवाना नसलेल्या माणसानं रायफल हातात धरून फोटो काढणं हा स्वतंत्र मूर्खपणा आहे आणि त्यावरून खटलाही होऊ शकतो, हे त्याला मी चोपडा येईपर्यंत तीनदा ऐकवलं.)

पुढच्या शनिवारी आप्पा, दादा आणि मी रायफल घेऊन जळगावला एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. दुरुस्तीला न्यायची तरी परवानाधारक सोबत हवा, नाहीतर त्याचं लेखी अधिकारपत्र हवं. म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांच्या आप्पांना मे महिन्याच्या उन्हात नेणं भाग होतं. दुरुस्तीवाला म्हातारा, कमी बोलणारा. आधी मॅगझिन काढून काडतूस नाही याची खात्री केली, बोल्ट काढला, नळीचं तोंड ट्यूबलाइटकडे धरून मागून डोळा लावला. मग माझ्या हातात दिली. चकचकीत पीळ फिरत जातात आणि टोकाच्या जवळ एकाएकी काळं कडं. जणू तिथं कुणी आतून काजळाचं बोट फिरवलंय. त्याच्या पलीकडे पुन्हा चकचकीत.

"काय अडकलं होतं?" त्यानं विचारलं. दादा म्हणाला चिंधी, आप्पा म्हणाले माहीत नाही. म्हातारा हसला नाही. म्हणाला, "गोळी अडली की मागचा गॅस त्या जागी कोंडतो. नळी चांगली म्हणून नुसती फुगली. फुटलीही असती." मग भिंगाखाली नळीच्या तोंडाची आतली कड पाहत त्यानं टाचणीनं काहीतरी खरवडलं. कागदावर पडलं ते चिमूटभरसुद्धा नव्हतं, वीटकरी रंगाचं, भाजलेल्या मातीसारखं. "माती," तो म्हणाला. "बंदूक तोंडावर पडली होती का?" नव्हती. कुंद्यावर पडली होती, आणि दगडी पायरीवर.

घरी येऊन हे मी चुलीपाशी सांगत होते. वहिनी भाकरी थापत होती. वहिनी या सगळ्या प्रकरणात पहिल्या दिवसापासून कमालीची रागात होती आणि तो राग कुणावर हे कळत नव्हतं. माती म्हटल्यावर तिचा हात थांबला. म्हणाली, "कुंभारमाशी."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

डिसेंबरात रायफल परत आली तेव्हा ती ट्रंकेत ठेवायची होती. दीड महिना रिकामी पडलेली ट्रंक माडीवर. किल्ली लागेना. कुलपाच्या भोकात मातीचं बूच बसलेलं. वहिनीनं केसातली पिन घालून ते उकरलं तर आतून हिरव्या, मेल्यासारख्या पण मऊ अळ्या पडल्या. कुंभारमाशी असंच करते, अळ्यांना डंख मारून बधिर करते, मातीच्या घरात कोंबते आणि आपल्या पिल्लाची शिदोरी म्हणून तोंड लिंपून टाकते. पिन आत मोडली. कुलूप दुरुस्त होईपर्यंत रायफल माडीवरच्या खुंटीला लटकत राहिली, तोंड उघडं. पंधरा दिवस. त्याच खोलीत, त्याच माश्या. कुलपाचं भोक मिळेना तर त्याच मापाचं दुसरं मिळालं.

मी म्हणाले, "वहिनी, हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"माले कोनी इचारं?"

खरंच, तिला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या वहीतही तिचं नाव नव्हतं. बंदुकीचा विषय म्हणून मीही पुरुषांनाच विचारत फिरले होते. याची मला अजून लाज वाटते.

आणि तिचा राग? त्या रात्री आप्पांनी बार काढला तेव्हा बॅटरी धरून त्यांच्या शेजारी कोण उभं होतं? तिचा बारा वर्षांचा मुलगा, माझा पुतण्या. म्हाताऱ्याचं 'फुटलीही असती' मी सांगायच्या आधीपासून तिला ते कळलेलं होतं. तीन महिने सगळे कुंद्याची किंमत आणि जिभाऊंची आठवण यावर भांडत होते, आणि तिला दिसत होतं ते पोराचं तोंड.

चुलतभावानं तोवर तो फोटो मला पाठवला होता. मोठा करून पाहिला. नळीचं भोक काळं दिसायला हवं तिथं राखाडी ठिपका दिसतो. पण हळदीच्या लाइटिंगमधला मोबाइलचा फोटो, त्यावर मी शपथ घेणार नाही. वीटकरी चिमूट आणि कुलपाचं बूच मला पुरे होतं. माशीनं घर पोलीस ठाण्यात केलं नसेलच असंही मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ते कुठंही केलेलं असो, बार काढण्याआधी ते दिसायला हवं होतं.

म्हणजे आता आप्पांशी बोलायचं होतं.

रात्री खळ्यात खाट टाकून ते पडले होते. मे महिन्यातली आमच्याकडची रात्र, अंगणातली फरशी दहा वाजेपर्यंत गरम. मी खाटेच्या पायथ्याशी बसले. नळी कोणी फुगवली हे मी सांगितलं नाही. वही उघडून फक्त तारखा वाचल्या. दसरा, जमा केली, परत आली, खुंटी, हळद, मका. आणि मग तोच प्रश्न, जो मी सगळ्यांना विचारला होता. "आप्पा, नळीतून शेवटचं कधी पाहिलं?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "डुकरं मक्यात होती." थोड्या वेळानं, "घाई झाली." आणखी थोड्या वेळानं, "दसऱ्याला."

आम्हा सगळ्यांना नळीतून पाहायला शिकवलं ते त्यांनीच. मी ते बोलले नाही. ते ऐकत असल्यासारखं त्यांनी कूस बदलली आणि म्हणाले, "बस व्हयनं आते. झोप जा."

सकाळी सात वाजता ते एकटेच नानांकडे गेले. आखाजीला दारात राहिलेल्या नानांच्या चपला हातात घेऊन. तिथं काय झालं ते मला चुलतभावाकडून कळलं. आप्पा ओट्यावर उभ्या उभ्याच म्हणाले, "नळी माझ्या हातून गेली. कुंदा तुझ्या पोराच्या हातून." नानांनी पोराकडे पाहिलं. पोरगं 'हो' म्हणालं. नानांनी त्याला एक शिवी हासडली आणि आप्पांना चहा सांगितला. तीन महिन्यांचं भांडण, निस्तरायला चहाला उकळी येते तेवढाच वेळ लागला असं तो म्हणतो. मला ते थोडं रंगवलेलं वाटतं.

पैशाचं मात्र रीतसर ठरवलं. कुंद्याच्या चिरेत सरस भरून आतून पितळी पट्टी बसवायचा खर्च चुलतभावानं द्यायचा, आणि आप्पांनी तो घ्यायचा. आप्पा 'राहू दे' म्हणायला लागले तेव्हा मी आडवी आले. त्या 'राहू दे'मधूनच पुढच्या आखाजीचं भांडण निघतं. माफ केलेली रक्कम आमच्या घरात कुणी विसरत नाही, माफ करणारा तर मुळीच नाही.

नळीला इलाज नव्हता. कडं असलेल्या नळीतून पुन्हा बार काढणं म्हणजे जीवाशी खेळ, असं म्हाताऱ्यानं बजावलं होतं. चुलतभाऊ म्हणाला, तोंडाकडची चार-पाच बोटं कापून टाकू. नळी अशी परस्पर आखूड करणं शस्त्र कायद्यात बसत नाही, त्यालाही वेगळा परवाना लागतो, हे सांगून त्याला गप्प केलं. दादाला नवी दुनळी घ्यायची होती. वहिनी म्हणाली, घ्या, मग मी माहेरी जाते. तो विषय तिथं मिटला. मक्याला आता झटका मशीनचं कुंपण आहे, सौर पॅनेलवर चालणारं. डुकरं त्यातूनही येतात, पण कमी.

शेवटी आप्पांनीच ठरवलं की रायफल जमा करून परवाना परत करायचा. तरी कुंदा दुरुस्त करायचाच असा नानांचा हट्ट. जमाच करायची तर कशाला, असं दादानं म्हणून पाहिलं. "जिभाऊंची वस्तू तुटकी देऊ नको," एवढंच नाना म्हणाले. म्हणून पट्टी बसवली, अक्रोडाच्या लाकडाला जवसाचं तेल पाजलं, आणि जुलैत, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन झाल्यावर, आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. या वेळी नानाही आले.

हवालदारानं पावती भरली, 'रायफल एक, सुस्थितीत', आणि सहीसाठी पुढे सरकवली. आप्पांनी चष्मा लावला. वाचली. परत सरकवली.

"सुस्थितीत नाही. लिहा, नळी तोंडापासून चार बोटांवर फुगलेली. कुंदा दुरुस्त केलेला."

हवालदार म्हणाला, जमाच करताय ना बाबा, काय फरक पडतो. आप्पा म्हणाले, लिहा. नवी पावती झाली. आप्पांनी बोल्ट काढायला लावला, नळी खिडकीकडे धरून डोळा लावला, मग नानांच्या हातात दिली. नानांनी पाहिलं आणि मान हलवली. मग आप्पांनी सही केली.

बाहेर आल्यावर पावसाची भुरभुर होती. आप्पा पावती पिशवीत ठेवत होते. नाना म्हणाले, "समोर झेरॉक्स आहे. एक प्रत मला काढ."